पंचविसावी पायरी: मानसरच्या एका दगडाचं प्रकरण

आठवीच्या सामान्य विज्ञानात 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हा धडा अगदी शेवटी येतो. तोवर फेब्रुवारी संपत आलेला असतो, नागपुरात दुपारचे पंखे सुरू झालेले असतात आणि वार्षिक परीक्षा तोंडावर असते. हा धडा दोन तासिकांत उरकायचा, असा माझाही बेत होता. एका मुलीच्या प्रश्नामुळे तो तीन आठवडे चालला. त्या तीन आठवड्यांत मी शिकवत असलेलं एक वाक्य मला कायमचं पुसावं लागलं. विज्ञान शिकवणाऱ्या इतरांना उपयोग होईल म्हणून ते सगळं प्रकरण इथे लिहिते आहे.

शाळा नागपूरच्या उत्तरेकडची, साधी. वर्गात पंचेचाळीस मुलं. प्रश्न विचारणारी मुलगी मानसरची. तिचे वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत कामाला आहेत आणि ती शिक्षणासाठी नागपुरात मामाकडे राहते. एरवी ती वर्गात फारसं बोलत नाही.

फळ्यावर काय होतं

पहिल्या तासिकेला मी नेहमीसारखी आकृती काढली. मोठ्या ताऱ्याच्या पोटात कांद्यासारखे पापुद्रे: बाहेर हायड्रोजन, आत हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि मधोमध लोह. खाली वाक्य लिहिलं: 'लोहापर्यंतची मूलद्रव्यं ताऱ्याच्या पोटात तयार होतात, लोहापुढची सुपरनोव्हात.'

सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट. हे वाक्य मी वर्षानुवर्षं लिहीत आले होते. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्यांना गुण मिळतात.

या वर्षी शेजारी एक शिडीही काढली, कारण पापुद्रे का पडतात ते मुलांना नीट कळत नव्हतं. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत वजनाने साधारण तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांश हेलियम तयार झालं, जोडीला लिथियमचा अगदी किंचित अंश. बाकी सगळं नंतरचं. ताऱ्याच्या गाभ्यात तापमान वाढत गेलं की आधीच्या केंद्रकावर हेलियमचं एक केंद्रक चढतं, म्हणजे दर पायरीला दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. प्रोटॉन मोजले तर कार्बन 6, ऑक्सिजन 8, निऑन 10, मॅग्नेशियम 12, सिलिकॉन 14, गंधक 16, असं वर वर.

या शिडीची सुरुवातच अवघड आहे आणि तिथे मी मुद्दाम थांबते. हेलियमची दोन केंद्रकं जोडून होणारं बेरिलियम-8 डोळ्याचं पातं लवायच्याही फार फार आधी फुटून जातं. मग कार्बन होणार कसा? ते फुटायच्या आत तिसरं हेलियम येऊन धडकावं लागतं. एवढ्या घाईत पुरेसा कार्बन तयार व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असायलाच हवी, असं 1953 साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी सांगितलं. ती तोवर कोणी पक्की दाखवलेली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी शोधली आणि ती सापडली, जवळपास सांगितली होती तिथेच. आपले जयंत नारळीकर हे याच हॉइल यांचे विद्यार्थी, हे सांगितलं की वर्गात मान वर होते. नारळीकरांचं नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं.

तासिका संपायला पाच मिनिटं असताना खिडकीजवळून आवाज आला.

"मॅडम, पंचवीस कुठं आहे?"

मला आधी कळलंच नाही.

"पायऱ्या त साऱ्या जोडीच्याच आहेत ना. सहा, आठ, दहा, बारा… चोवीस, सव्वीस. मँगनीज पंचवीस आहे. ते त आलंच नाही."

आवर्तसारणीत तिने मँगनीज आधीच शोधून ठेवलेलं असणार. ज्याच्या घरात रोज ज्या धातूचं नाव निघतं त्याचा अणुअंक त्याला पाठ असतो.

मी म्हणाले, "मोठ्या ताऱ्यात मधेच कुठेतरी होत असेल." ती म्हणाली, "मग आपल्या सूर्यात होईल का?" मी सांगितलं, नाही, सूर्याची मजल कार्बन आणि ऑक्सिजनपर्यंतच. हे दुसरं उत्तर बरोबर होतं. पहिलं उत्तरच नव्हतं, ती वेळ मारून नेणं होतं. बेल झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. घरी जाताना त्याचीच बोच लागली.

दगड

दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड काढला. मुठीएवढा, काळा, एका अंगाने पोलादी चमक असलेला. कागद सोडतानाच बोटं काळी झाली. आकाराच्या मानाने तो इतका जड होता की पहिल्यांदा हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा हात किंचित खाली जायचा. एकाने जुन्या स्पीकरचं चुंबक आणलं होतं, ते लावून पाहिलं. चिकटलं नाही.

"मंग लोखंड नाही ना हे," तो म्हणाला.

मानसर आणि कांद्री हा रामटेकच्या वाटेवरचा पट्टा मँगनीजसाठी शतकाहून अधिक काळ खणला जातो आहे. पुराण्या समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ पुढे जमिनीच्या पोटात दाबला, भाजला गेला आणि त्यातून हे धातुक बनलं. हा भाग भूगोलाचा, तो मुलांना ठाऊक होता. पण समुद्रात मँगनीज आलं कुठून? पृथ्वी ज्या ढगातून बनली त्या ढगात ते आधीपासून होतं. म्हणजे दगडातला प्रत्येक मँगनीजचा अणू 460 कोटी वर्षांच्या सूर्याहूनही म्हातारा. त्याचा जन्म कुठला, एवढाच प्रश्न होता.

दोन संध्याकाळी वाचत बसले तेव्हा कळलं की माझ्या वाक्यात एक नव्हे, तीन चुका होत्या.

चूक कुठे होती

पहिली चूक आकृतीतच होती. मोठ्या ताऱ्याच्या मधोमध मी जो लोहाचा गोळा काढत होते, त्यातलं लोह बहुतांशी बाहेर येतच नाही. तो गोळा कोसळतो आणि त्याचा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर होतं. जगात जे लोह पसरलं ते स्फोटाच्या वेळी त्या गोळ्याबाहेरच्या थरांत, किंवा वेगळ्याच प्रकारच्या स्फोटात, काही क्षणांत तयार झालं.

दुसरी चूक जास्त मजेची. ते लोह लोह म्हणून जन्मत नाही. शिडीची शेवटची पायरी 26 नव्हे, 28 आहे: निकेल-56, ज्यात 28 प्रोटॉन आणि 28 न्यूट्रॉन असतात. हे निकेल टिकत नाही. निम्मे अणू बदलून जायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. साधारण 6 दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचं कोबाल्ट-56 होतं आणि 77 दिवसांच्या अर्धायुष्याने त्या कोबाल्टचं लोह-56. आपल्या तव्यातलं आणि रक्तातलं बहुतेक लोह आधी निकेल होतं.

आणि मँगनीज? स्थिर मँगनीज एकाच प्रकारचं आहे, वस्तुमानांक 55. तेही शिडी चढून आलेलं नाही. ते जन्मतं कोबाल्ट-55 म्हणून, 27 प्रोटॉन आणि 28 न्यूट्रॉन घेऊन, म्हणजे निकेल-56 पेक्षा नेमका एक प्रोटॉन कमी. साडेसतरा तासांच्या अर्धायुष्याने त्याचं लोह-55 होतं. मग पावणेतीन वर्षांच्या अर्धायुष्याने लोहाचं केंद्रक स्वतःच्याच अणूतला आतला एक इलेक्ट्रॉन गिळतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि उरतं मँगनीज-55. 27, 26, 25. पंचविसावी पायरी वरून उतरून गाठली जाते.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मला तेव्हाच त्या मुलीला फोन करावासा वाटला. ज्याला चुंबक चिकटलं नाही म्हणून आम्ही 'लोखंड नाही' म्हणालो, तो दगड एकेकाळी खरोखर लोह होता, काही वर्षं का होईना.

हे घडतं बहुतेक करून श्वेत बटूच्या स्फोटात. सूर्यासारखा तारा विझला की कार्बन-ऑक्सिजनचा पृथ्वीएवढा गोळा मागे राहतो. शेजारी जवळचा जोडीदार तारा असेल तर त्याच्याकडून तो वस्तुमान ओढत राहतो. सूर्याच्या सुमारे 1.4 पट हे त्याला पेलणारं कमाल वजन. 1930 साली बोटीने इंग्लंडला जाताना एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ज्या गणिताला हात घातला, त्यातून निघालेली ही मर्यादा. तिच्या जवळ पोचल्यावर गाभा इतका दाट होतो की कार्बन पेटतो. त्या दाटीत इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये रेटले जातात, न्यूट्रॉन किंचित जास्त होतात आणि गोळा पूर्ण उधळतो. त्या किंचित जास्त न्यूट्रॉनमुळे सगळं निकेल-56 न होता थोडं कोबाल्ट-55 पदरात पडतं. आज सूर्यात लोहाच्या सुमारे शंभर अणूंमागे मँगनीजचा एक सापडतो.

म्हणजे सूर्यात मँगनीज होईल का, या तिच्या प्रश्नाला मी दिलेलं 'नाही' बरोबर होतं. पण सूर्यासारख्याच एखाद्या ताऱ्याच्या कलेवरात, जोडीदार मिळाला तर, ते होऊ शकतं. हेही तिला सांगायला हवं होतं.

तिसरी चूक वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागातली, तिच्यावर मी वर्गात फार वेळ दिला नाही. लोहापुढचं सगळं सुपरनोव्हात होत नाही. साधारण निम्मा वाटा म्हाताऱ्या फुगलेल्या ताऱ्यांत, एकेक न्यूट्रॉन सावकाश पचवत, शांतपणे तयार होतो. सोन्यासारख्या जड धातूंसाठी न्यूट्रॉनचा एकदम भडिमार लागतो. 17 ऑगस्ट 2017 रोजी गुरुत्वीय लहरींतून टिपलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत असा भडिमार झाल्याचं दिसलं. त्या प्रकाशात पुढे स्ट्रॉन्शियम या लोहाहून जड मूलद्रव्याची खूणही ओळखता आली.

चिंचोके

हे मुलांना सांगायचं कसं? नुसती आकड्यांची साखळी लिहिली असती तर तीही पाठ झाली असती.

चिंचोके फोडून केलेले अर्धे दाणे आमच्याकडे चौसर खेळायला वापरतात: एक बाजू पांढरी, एक तपकिरी. शंभर दाणे आणि तीन ताटल्या घेतल्या. ताटल्यांवर खडूने लिहिलं: कोबाल्ट, लोह, मँगनीज. सगळे दाणे कोबाल्टच्या ताटलीतून जमिनीवर टाकायचे. पांढरे पडतील ते लोहाच्या ताटलीत. उरलेले पुन्हा टाकायचे. एक फेक म्हणजे साडेसतरा तास.

दर फेकीला साधारण निम्मे जात होते. सातव्या-आठव्या फेकीला कोबाल्टच्या ताटलीत एकच दाणा उरला. फेका गुणिले साडेसतरा: पाच-सहा दिवस. लोहाची ताटली भरलेली आणि मँगनीजची रिकामी.

मग लोहाचे दाणे टाकायला घेतले. आता एक फेक म्हणजे पावणेतीन वर्षं. मुलांनी आधी त्याच वेगाने फेकायला सुरुवात केली, तेव्हा एका मुलाने थांबवलं. "असं नाही चालणार. तिकडं साडेसतरा तासाले एक फेक होती. इकडं पावणेतीन वर्षं थांबा लागते." हे मी योजलेलं नव्हतं. त्याच्या बोलण्यामुळे वर्गाने हिशेब केला की लोहाच्या एका फेकीत कोबाल्टच्या तेराशेहून जास्त फेका बसतात. पहिल्या आठवड्यात कोबाल्ट संपतं, पण जवळपास सगळं मँगनीज व्हायला दहा फेका, म्हणजे सत्तावीस वर्षं. "माझ्या मोठ्या मामाएवढं," कोणीतरी म्हणालं.

एक अडचण मात्र आली. एका दाण्याला शाईचा ठिपका होता. तो सहा फेका टिकला आणि सगळी मुलं ठाम होती की आता तो जाणारच, 'त्याची वेळ आली'. सातव्यालाही टिकला. अणूला वय कळत नाही, दर वेळी शक्यता तेवढीच, हे मी तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा निम्म्या वर्गाचे चेहरे तसेच राहिले. शेवटी ठिपक्याचा दाणा आणि एक कोरा दाणा शेजारी शेजारी पन्नास वेळा टाकून नोंद ठेवायला लावली. तेव्हा काहींना पटलं, सगळ्यांना नाही. हे काम अपुरं राहिलं, पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळी तासिका ठेवणार आहे.

"कोणी पाह्यलं का?"

चिंचोके गोळा करताना मागून प्रश्न आला: "मॅडम, हे कोणी पाह्यलं का, का नुसतं गणित हाये?"

हा प्रश्न कोणी विचारला नसता तर मला वाईट वाटलं असतं. त्याला मी तीन उत्तरं दिली.

1952 साली पॉल मेरिल यांना काही लाल ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम या मूलद्रव्याच्या रेषा सापडल्या. टेक्नेशियमचा कुठलाच प्रकार टिकाऊ नाही, सगळ्यात चिवट प्रकारांचं अर्धायुष्यही 42 लाख वर्षांच्या आसपास, आणि ते तारे त्याहून कितीतरी म्हातारे. म्हणजे ते तिथेच आणि अलीकडेच तयार झालं असणार. तारे मूलद्रव्यं घडवतात याचा हा सरळ पुरावा.

दुसरा 2014 सालचा. मेसिए 82 या दीर्घिकेत एक श्वेत बटू फुटला. ती दीर्घिका सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आतबाहेर दूर, म्हणजे शेजारीच म्हणायची. इंटिग्रल या अंतराळ दुर्बिणीने तिथून आलेले गॅमा किरण मोजले. त्यांची ऊर्जा कोबाल्ट-56 लोहात बदलताना बाहेर पडते तीच होती. निकेल, कोबाल्ट, लोह ही साखळी घडताना दिसली.

तिसरा पुरावा खास मँगनीजचा. आपल्या आकाशगंगेतल्या फार जुन्या, लोह कमी असलेल्या ताऱ्यांत लोहाच्या मानाने मँगनीज कमी भरतं आणि नंतर जन्मलेल्या ताऱ्यांत ते प्रमाण वाढत जातं. मोठे तारे लवकर फुटतात, श्वेत बटू उशिरा. मँगनीजचा मोठा वाटा उशिरा फुटणाऱ्यांकडून आला तर प्रमाण असंच वाढलं पाहिजे.

मुलांना तिसरा पुरावा सगळ्यात आवडला. मला वाटलं होतं गॅमा किरण आवडतील. "म्हणजे म्हातारे तारे जन्मले तवा मँगनीज फार बनलंच नव्हतं," ती मुलगी म्हणाली. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे नेमकं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पालकांना कळवून मुलांना मैदानावर थांबवलं. दिव्यांच्या उजेडातही दक्षिणेला मृग आणि व्याध ठळक दिसत होते. व्याधाचा जोडीदार श्वेत बटू आहे, साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. "तो फुटल का? मँगनीज बनल का?" नाही. दोघांना एकमेकांभोवती फिरायला सुमारे 50 वर्षं लागतात, इतक्या दुरून ओढून घेता येत नाही. मृगातला लाल तारा काक्षी मात्र एक दिवस फुटेल, वेगळ्या प्रकारे. त्यातून मुख्यतः ऑक्सिजन मिळेल, मँगनीज थोडंच. मुलं बराच वेळ व्याधाकडेच बघत राहिली. तिथे दिसत नसलेलं काहीतरी आहे हे एकदा कळल्यावर काक्षीचा लाल रंगही मागे पडला.

वाक्याचं काय झालं

ते वाक्य मी फळ्यावरून पुसलं आणि चूक होती हे वर्गाला सांगितलं. त्याच्या जागी नवं वाक्य लिहिलं नाही. आवर्तसारणीचा मोठा तक्ता भिंतीला लावला आणि रंगीत खडूने चौकटी भरायला सुरुवात केली: विश्वाच्या सुरुवातीचं, मोठ्या ताऱ्यांचं, श्वेत बटूंच्या स्फोटाचं, न्यूट्रॉन पचवून झालेलं. काही चौकटींत दोन रंग आले, लोहात तर आलेच. बेरिलियम आणि बोरॉन कुठल्याच रंगात बसेनात, कारण ते मुख्यतः अवकाशात फिरणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्याने मोठी केंद्रकं फुटून होतात. त्यांना पाचवा रंग द्यावा लागला. परीक्षेत जुनं वाक्य लिहिलं तर गुण कापणार नाही, असंही सांगितलं. चूक माझी होती.

मार्चमध्ये पालकसभेला तिचे वडील मानसरहून आले. सभा संपल्यावर थांबले.

"मॅडम, पोरगी म्हणते बाबा तुम्ही जे काढता ते आधी लोखंड होतं. खरं आहे का?"

मी हो म्हणाले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रेल्वेचे रूळ जिथं एकमेकाले कापतात ना, तिथलं पोलाद आमचा माल घालूनच बनते. त्याच्याबिगर झिजून जाते." ते खरंच आहे, अशा जागी बारा-तेरा टक्के मँगनीजचं पोलाद वापरतात. एकाच प्रकारच्या स्फोटातून निघालेले दोन धातू, मधे समुद्र, खाण आणि भट्टी, आणि पुन्हा एका रुळात.

पुढच्या सोमवारी तिने दुसरा दगड आणला. वडिलांनी दिलेला, खाणीत टाकाऊ ठरलेला: गोंडाइट. इंग्रज भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड लोकांच्या नावावरून या खडकाचं नाव ठेवलं. त्यात पांढरट गारेचे दाणे आणि नारिंगी-तपकिरी तामडीचे (गार्नेटचे) बारके खडे एकमेकांत रुतलेले असतात. गार म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, मुख्यतः मोठ्या ताऱ्यांचं देणं. तामडीत मँगनीज, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन.

तिने भिंग धरून एका दाण्यावर खडूने हिरवी खूण केली, मोठ्या ताऱ्यांची. शेजारच्यावर लाल, श्वेत बटूची. मग खडू हातात तसाच ठेवून तक्त्याकडे पाहिलं.

"मॅडम, ॲल्युमिनियम तेरा आहे. ते बी जोडीचं नाही ना?"